रेड टेल शार्क: चार फुटी टाकी, एकच मासा आणि मुंबईचं पाणी

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानात रेड टेल शार्क मागितला की बहुतेक वेळा दोन गोष्टी ऐकायला मिळतात: "शेवाळ खातो" आणि "जोडीच घेऊन जा". पहिली अर्धी खरी आहे, दुसरी साफ चुकीची. जोडी नेली तर वर्षभराच्या आत त्यातला एक फाटक्या परांनिशी फिल्टरच्या मागे दडून बसतो, खाणं सोडतो आणि मरतो. मारणारा त्याला फारसा चावतही नाही, फक्त दिवसभर हाकलत राहतो. तेवढं पुरतं.

हा शार्क नव्हे, रोहू-कटल्याच्या कुळातला मासा आहे. शास्त्रीय नाव एपाल्झिओरिंकस बायकलर. ह्यू स्मिथ या अमेरिकी मत्स्यतज्ज्ञाने १९३१ साली त्याचं वर्णन केलं, तेव्हा तर त्याला रोहूच्याच लेबिओ गटात टाकलं होतं. थायलंडच्या चाओ फ्राया नदीच्या खोऱ्याबाहेर तो निसर्गात कुठेच नाही. १९९६ साली आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो 'निसर्गातून नामशेष' होता. पुढे खोऱ्याच्या खालच्या भागात एका ठिकाणी तो अजून असल्याचं समजलं आणि २०११ च्या मूल्यमापनात त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं गेलं. धरणं, बुजवलेल्या पाणथळ जागा आणि प्रदूषण ही मुख्य कारणं दिली जातात. टाक्यांसाठी झालेली पकड हेही एक कारण असावं असं मानतात.

दुकानात दिसणारा मासा मात्र नदीतला नसतो. थायलंडमधल्या शेततळ्यांवर हार्मोनचं इंजेक्शन देऊन त्याची लाखांनी पैदास होते, म्हणून तो शे-दीडशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो. तुम्ही तो विकत घेतलात म्हणून नदीतला एकही मासा कमी होत नाही. आणि एकही वाढत नाही. हे आधी पक्कं समजून घ्या, कारण 'दुर्मीळ मासा वाचवतोय' या समजुतीतून पुढे बऱ्याच चुका होतात.

टाकी

मासा विकत घेताना ४-५ सेंटिमीटरचा असतो, पूर्ण वाढीला १२ ते १५ सेंटिमीटर होतो आणि नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं जगतो. दोन फुटी टाकीत तो वर्षभर छान दिसतो, मग टाकीतल्या प्रत्येकाचं जगणं हराम करतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच हे किमान माप धरा. काच १० मिलिमीटर. एवढ्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण २२० लिटर पाणी राहतं. उंची वाढवून लांबी कमी करू नका. हा तळाशी फिरणारा मासा आहे, त्याला जमीन हवी.

पाणी, काच, वाळू आणि स्टँड मिळून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. आरसीसी इमारतीत भिंतीला लागून, शक्यतो तुळईच्या जवळ ठेवलं तर सहसा अडचण येत नाही. जुन्या चाळीत लाकडी जमीन असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ही टाकी मांडू नका. स्टँडखाली थर्माकोल किंवा फोमची शीट घाला. काच फुटण्याची कारणं बहुतेकदा खालच्या पृष्ठभागाच्या उंचसखलपणात सापडतात.

वाळू बारीक आणि गुळगुळीत हवी, ३ सेंटिमीटरचा थर, म्हणजे २५ ते ३० किलो. हा मासा खाली तोंड करून चरतो, टोकदार खडीवर त्याच्या ओठाजवळच्या मिशा झिजतात. चौपाटीवरची वाळू आणू नका, त्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. दगडांत सह्याद्रीचा काळा कातळ उत्तम. कडप्पा आणि संगमरवर दोन्ही पाणी जड करतात. शंका असेल तर दगडावर लिंबाचा रस टाका, फेस आला तर तो दगड टाकीत नको.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आडोसे. माशाला टाकीच्या एका टोकापासून दुसरं टोक सरळ दिसता कामा नये. ड्रिफ्टवुडचा एक मोठा तुकडा मधोमध आडवा, एका बाजूला अर्ध्या कापलेल्या मातीच्या कुंड्या, दुसऱ्या बाजूला ३ इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, असं काहीही चालेल. लाकूड आधी दोन आठवडे बादलीत भिजवून ठेवा, नाहीतर ते तरंगेल. आडोसे कमी असले की मासा अख्खी टाकी आपली समजतो. भरपूर असले की तो एक गुहा आणि तिच्यापुढचा फूट-दीड फूट एवढ्यावर समाधान मानतो.

झाकण पूर्ण हवं. फिल्टरच्या पाइपांसाठी ठेवलेल्या फटीही जाळीने बंद करा. पहिल्या आठवड्यात आणि पाणी बदलल्यावर हे मासे उड्या मारतात, आणि सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडतो तो नेमका त्या फटीतूनच बाहेर आलेला असतो.

मुंबईचं पाणी

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडक सागर, विहार, तुळशी या तलावांमधून येतं. ते मऊ आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी असतो, आणि या माशाला ते मानवतं, पीएच ६.५ ते ७.५ मध्ये तो खूश असतो. पण तुमच्या नळाला येणारं पाणी पालिकेचंच आहे का, हे आधी पाहा. मोठ्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात, काहींच्या टाकीत बोअरिंगचं पाणी मिसळलेलं असतं. टीडीएस मीटर स्वस्त असतो; महिन्यातून दोनदा नळाचं पाणी मोजा. आकडा एकदम दुप्पट-तिप्पट झाला की त्या आठवड्यात मोठा पाणीबदल टाळा.

मऊ पाण्याची एक अडचण आहे. त्यात क्षार कमी, म्हणून पीएच धरून ठेवण्याची ताकदही कमी. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं रूपांतर नायट्रेटमध्ये करताना आम्ल तयार करतात, पाणी ते पचवू शकलं नाही की पीएच घसरतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं. मग अमोनिया चढतो. केएच, म्हणजे पाण्याची ही पीएच धरून ठेवण्याची ताकद, तपासायचा किट आणा. केएच २ च्या खाली असेल तर २२० लिटर पाण्यात ६ ते ७ ग्रॅम खायचा सोडा टाकल्याने तो सुमारे १ ने वाढतो. एका दिवसात एवढंच करा, त्याहून जास्त नको. कायमचा उपाय हवा असेल तर स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा १०० ग्रॅम चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा.

क्लोरीन पाऊस सुरू झाल्यावर जास्त जाणवतो. तलावांत गाळ येतो, तेव्हा शुद्धीकरणातही बदल होतात. बादलीत वास आला नाही म्हणून क्लोरीन नाही असं समजू नका. सोडियम थायोसल्फेटचे खडे, ज्यांना दुकानात अँटी-क्लोरीन म्हणतात, ते १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. १५ लिटरच्या बादलीला या द्रावणाचे २ मिलिलिटर पुरतात. ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग ओता. ड्रममध्ये एअर स्टोन लावून रात्रभर पाणी ठेवलं तरी चालतं, पण दोन खोल्यांच्या घरात ड्रम ठेवायला जागा कोणाकडे असते.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदला, म्हणजे ५०-६० लिटर, साधारण चार बादल्या. पाणी सोसायटीत पहाटे सुटत असेल तर ताज्या पाण्याचं तापमान टाकीपेक्षा ३-४ अंशांनी कमी असू शकतं. बादल्या दोन तास घरात ठेवून मग वापरा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

मासा आणायच्या आधीचा महिना

फिल्टर ताशी ११०० ते १३०० लिटर पाणी फिरवणारा घ्या. कॅनिस्टर किंवा टॉप फिल्टर, दोन्ही चालतात, सोबत एक मोठा स्पंज फिल्टर एअर पंपावर. मुंबईत वीज फारशी जात नाही, तरी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप कपाटात असू द्या.

टाकी सायकल करणं म्हणजे माशाआधी जिवाणू वसवणं. त्यासाठी नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून शुद्ध प्रतीचा घ्या, कल्हईवाल्याचा नको. २२० लिटरला १.४ ग्रॅम टाकला की अमोनिया सुमारे २ पीपीएम (लिटरमध्ये २ मिलिग्रॅम) होतो. रोज मोजा. आधी अमोनिया उतरेल, नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेट यांच्या मधली पायरी) चढेल, मग तोही उतरेल. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तर टाकी तयार. मुंबईच्या उबेत याला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर याच्या निम्म्या वेळात काम होतं. शेवटी अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि मगच बाजारात जा.

मधेच आकडे गोठले, काहीच हलेना, तर नव्वद टक्के वेळा पीएच पडलेला असतो. वर सांगितलेला सोडा टाका.

दुकानात काय पाहायचं

शरीर गडद काळं, शेपूट पूर्ण लाल, पाठीवरच्या काळ्या पराच्या टोकाला पांढरा ठिपका. ज्याचे सगळेच पर लालसर आहेत आणि अंग राखाडी आहे, तो रेनबो शार्क, त्याचा चुलतभाऊ. दुकानातला पांढरा 'अल्बिनो शार्क'ही जवळजवळ नेहमी रेनबोच असतो. रेड टेल फिका पडलेला असेल तर तो घाबरलेला आहे की आजारी, हे ओळखायला पाच मिनिटं टाकीसमोर उभं राहा. घाबरलेला मासा हळूहळू पुन्हा काळा होत जातो, आजारी तसाच राहतो. पोट आत गेलेला मासा घेऊ नका, नंतर कितीही खायला घातलं तरी तो सहसा भरत नाही. त्याच टाकीतल्या दुसऱ्या माशावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसले, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या.

पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा भरून घ्या. मे महिन्यात दुपारच्या लोकलने नेऊ नका. घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग अर्धा तास थोडं थोडं टाकीचं पाणी घाला. मासा जाळीने उचला, पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही. दोन फुटी वेगळी टाकी, एक जुना स्पंज फिल्टर, एक कुंडी, तीन आठवडे. याचा कंटाळा करणाऱ्यांच्या टाक्यांत व्हाइट स्पॉट, म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, येतो, आणि मग अख्ख्या २२० लिटरवर इलाज करावा लागतो.

सोबती

रेड टेल सगळ्यात शेवटी सोडा. आधीपासून राहणाऱ्या माशांच्या टाकीत तो पाहुणा म्हणून येतो. आधी तोच असेल तर नंतर आलेला प्रत्येक मासा त्याला घुसखोर वाटतो.

त्याच्यासोबत मधल्या आणि वरच्या थरात पोहणारे, चपळ, थव्याने राहणारे मासे ठेवा. सह्याद्रीच्या ओढ्यांतला जायंट डॅनिओ फार चांगला. आठ-दहाचा थवा ठेवला तर हाकलण्याचं काम सगळ्यांत वाटलं जातं आणि कुणा एकाला त्रास होत नाही. टायगर बार्ब, मोठे रेनबोफिश, काँगो टेट्रा हेही चालतात. तळाचे मासे मात्र नकोत: कोरिडोरस, लोच, फ्लाइंग फॉक्स, चायनीज अल्गी ईटर, रेनबो शार्क. काळे किंवा लाल शेपटीचे मासेही टाळा, त्यांना तो स्वतःच्या जातीचे समजून मारतो. गोल्डफिश आणि एंजल यांचे लांब पर त्याच्यासमोर टिकत नाहीत.

एखाद्याला तो सतत हाकलतोय असं दिसलं तर टाकीतले दगड, लाकूड, कुंड्या सगळं हलवून नवी मांडणी करा. त्याची ओळखीची हद्द मोडते आणि काही दिवस शांतता राहते. दोन आठवड्यांत पुन्हा तेच सुरू झालं, तर त्रास होणारा मासा काढून दुसऱ्या टाकीत हलवा. याहून वेगळा उपाय नाही.

तापमान, खाणं, आजार

२४ ते २७ अंश उत्तम. अडचण एप्रिल-मेची. घरातलं पाणी ३०-३१ वर जातं आणि त्यात प्राणवायू कमी मावतो: २४ अंशांना लिटरमध्ये सुमारे ८.४ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. मासा वरच्या थरात येऊन झपाझप कल्ले हलवू लागला तर एअर पंप वाढवा, खाणं निम्मं करा. पाण्यावर लावलेला छोटा पंखा बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवतो, पण जूनची दमट हवा सुरू झाली की त्याचा उपयोग घटतो. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, तासाभरात होणारी तापमानाची चढउतार उष्णतेपेक्षा घातक असते. हिवाळ्यात हीटर सहसा लागत नाही, पण २०० वॅटचा एक घरात असावा, आजारपणात उपयोगी पडतो.

खायला बुडणारे स्पायरुलिना पेलेट, उकडलेला पालक, काकडीचे काप, दोडका, आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म किंवा आर्टेमिया. जिवंत ट्युबिफेक्स घालू नका, ते गटारातून येतात. शेवाळ तो चरतो, पण काचेवरचं सगळं साफ करत नाही. ते तुमचं काम.

गणपतीला दहा दिवस कोकणात जाणार असाल तर निरोगी, मोठा मासा उपाशी राहू शकतो. शेजाऱ्यांना चावी द्यायचीच असेल तर खाण्याच्या पुड्या बांधून ठेवा आणि डबा लपवा. गावाहून परतल्यावर मेलेले मासे दिसतात ते भुकेने मेलेले क्वचितच असतात, प्रेमाने ओतलेल्या खाण्याने सडलेलं पाणी त्यांना मारतं.

व्हाइट स्पॉट आला तर तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० वर न्या आणि हवा दुप्पट करा. लिटरला १ ते २ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे २२० लिटरला २२० ते ४४० ग्रॅम, तीन हप्त्यांत दिवसाआड विरघळवून घाला. ठिपके गेले तरी दहा-चौदा दिवस असंच ठेवा. परजीवी तळाच्या वाळूत वाढत असतो. मऊ पानांच्या झाडांना मीठ सोसत नाही, ती आधी काढा. तांबं असलेली औषधं टाळा.

पैदास आणि सोडणं

नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत. मोठी मादी पोटाला जाड वाटते, पण दोघांना एका टाकीत ठेवायला जावं तर मारामारी. घरी यशस्वी पैदास अत्यंत क्वचित होते, आणि हार्मोनचं इंजेक्शन हे हौशी माणसाचं काम नाही. घरी अंडी-पिल्लं पाहायची हौस असेल तर चेरी बार्ब घ्या.

पैदास जमली तरी ती पिल्लं चाओ फ्रायात सोडण्याच्या लायकीची नसतात. पिढ्यान्‌पिढ्या शेततळ्यात वाढलेल्या माशांची जनुकीय विविधता घटलेली असते, मूळ मासे कुठले होते याची नोंद नसते, आणि मुळात ज्या पाणथळ जागा आटल्या त्या परत आलेल्या नाहीत. मासा सोडून नदी भरत नाही, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. लोणावळ्याला वळवण तलावावर टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते आणि त्यातली बोटुकली देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. कावेरीत बाहेरून सोडलेला निळ्या परांचा महसीर फोफावला, आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर कमी होत गेला. २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं गेलं. त्या घसरणीमागे धरणं आणि बेकायदा मासेमारीसोबत हेही एक कारण मानलं जातं. हेतू चांगला होता, एवढ्याने नदीचं भागत नाही.

हाच नियम पवई, विहार, बाणगंगा, सोसायटीची विहीर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांना. तिथे आधीच तिलापिया आणि मांगूर आहेत. तुमचा रेड टेल तिथे जगेलही, मरेलही, पण त्याच्या अंगावरचे परजीवी आणि टाकीतलं शेवाळ-गोगलगायी पाण्यात उतरतात. मेलेला मासाही तलावात किंवा संडासात टाकू नका, कुंडीत पुरा.

खरेदी करताना ज्याचा संवर्धनावर परिणाम होतो तो प्रश्न रेड टेलपेक्षा आपल्याच माशांबाबत जास्त लागू पडतो. मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, हा पश्चिम घाटातला संकटग्रस्त मासा. त्याची पैदास होते, तरी नदीतून धरलेलेही विकले जातात. 'हे फार्मचे का?' हे विचारा. सगळे एकाच मापाचे, न बुजणारे असले तर फार्मचे असण्याची शक्यता जास्त. लहानमोठे, ओरखडे पडलेले, कोपऱ्यात दाटलेले असले तर सोडून द्या.

टाकी मोडायची वेळ आली तर मासा चार फुटी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्या, किंवा दुकानात परत करा; बरेच दुकानदार फुकट घेतात. देण्याआधी २४ तास खायला घालू नका. मोठ्या माशासाठी पिशवी दुहेरी घ्या आणि सोबत एका चिठ्ठीवर टीडीएस, पीएच, तापमान, तो काय खातो आणि त्याने आजवर कोणकोणत्या जातीचे मासे हाकलले, हे लिहून द्या.